सीएचमॉड ७७७ मारूनही परमिशन डिनाइड का येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लाउडवरचा उबंटू २२.०४ सर्व्हर, त्यावर इंजिनएक्स वेब सर्व्हर, साइटच्या फायली /होम/उबंटू/साइट मध्ये, आणि ब्राउझरमध्ये ४०३ फॉरबिडन (म्हणजे बघायला मनाई). फायलींना ६४४ होतं, फोल्डरला ७५५, मग वैतागून साइट फोल्डरवर सीएचमॉड -आर ७७७ (आतल्या सगळ्यावर सगळ्यांना सगळ्या परमिशन) पण मारून झालं, तरी ४०३ चा ४०३च. आता ह्याहून जास्त परमिशन काय देऊ?

जास्त द्यायचीच नाहीये. तुमच्या साइट फोल्डरचं सगळं पहिल्यापासून बरोबर होतं, अडलंय ते एक पायरी वर, /होम/उबंटू ह्या फोल्डरवर, ज्याला तुम्ही हातच लावलेला नाही. उबंटूने २१.०४ पासून नवीन युजरचा होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० ने बनवायला सुरुवात केली, म्हणजे मालक आणि मालकाचा ग्रुप सोडला तर बाकी कोणाला आत पाऊलच टाकता येत नाही. जुन्या ट्युटोरियलमधल्या स्टेप्स १८.०४ वर बिनबोभाट चालायच्या आणि तुमच्याकडे चालत नाहीत त्याचं कारण हेच. आणि इंजिनएक्स तुमच्या नावाने चालत नाही हे पण लक्षात घ्या, त्याचा मास्टर प्रोसेस रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालतो पण फायली वाचून ब्राउझरला देणारे वर्कर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या युजरखाली चालतात, आणि तुमच्या होमच्या हिशोबाने तो "इतर" मध्ये मोडतो.

खात्री करायची असेल तर नेमआय -एल ही कमांड पूर्ण पाथ देऊन चालवा, म्हणजे नेमआय -एल /होम/उबंटू/साइट/इंडेक्स.एचटीएमएल. फार कमी लोकांना माहीत असते आणि परमिशनच्या बाबतीत माझी सगळ्यात लाडकी कमांड आहे. ती पाथमधल्या प्रत्येक पायरीची परमिशन, मालक आणि ग्रुप एकाखाली एक दाखवते. तुमच्याकडे साधारण असं दिसेल (तिथे अक्षरं येतात, मी आकड्यात लिहितोय): सगळ्यात वरचा / ७५५ रूट रूट, होम ७५५ रूट रूट, उबंटू ७५० उबंटू उबंटू, साइट ७७७ उबंटू उबंटू, इंडेक्स.एचटीएमएल ७७७ उबंटू उबंटू. तिसरी ओळ बघा, शेवटचा आकडा शून्य. खालच्या दोन ओळींत तुम्ही काहीही करा, कर्नल (लिनक्सचा गाभा, परमिशन तपासणारा तोच) तिथपर्यंत पोचतच नाही.

फाइल उघडताना कर्नल पाथ डावीकडून उजवीकडे चालत जातो. आधी /, मग त्यात होम शोधतो, मग त्यात उबंटू, मग साइट, आणि मग शेवटी फाइल. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर तो विचारतो की हा जो प्रोसेस मागतोय त्याला इथून पुढे जायची परवानगी आहे का. एका जरी ठिकाणी नाही म्हटलं की तिथेच परमिशन डिनाइड, एरर नंबर १३, इंजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये कंसात १३ लिहिलेलं दिसेल बघा. म्हणजे फाइलला परमिशन आहे का हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या प्रोसेसला, कोणत्या वाटेने, हे धरूनच तो विचारावा लागतो, आणि ७७७ मारणारे नेमकं हेच न बघता शेवटच्या पायरीवर हातोडा घालत बसतात.

आता ते आकडे. वाचणं (आर) ४, लिहिणं (डब्ल्यू) २, एक्झिक्यूट म्हणजे चालवणं (एक्स) १, बेरीज करायची, पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा इतरांचा. हे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यावर वेळ घालवत नाही. पण ह्या तिघांतला कोणता आकडा लागू होतो ह्यात भलेभले गोंधळतात. कर्नल तिन्ही आकडे एकत्र करून बघत नाही. आधी विचारतो, प्रोसेसचा युजर हा फाइलचा मालक आहे का? असेल तर फक्त पहिला आकडा, विषय संपला. मालक नसेल तर, तो त्या ग्रुपमध्ये आहे का? असेल तर फक्त दुसरा. दोन्ही नाही तरच तिसरा. म्हणजे एखाद्या फाइलला ०७७ दिलंत तर जगाला ती वाचता येईल आणि मालकालाच येणार नाही, करून बघा, गंमत वाटेल. (मालक सीएचमॉड करून स्वतःला परत परमिशन देऊ शकतो ते वेगळं, कारण सीएचमॉड करायचा हक्क मालकीतून येतो, ह्या आकड्यांतून नाही.) ह्याचा उपयोगही होतो, ६०४ दिलं की एका ठरावीक ग्रुपला सोडून बाकी सगळ्यांना वाचता येतं. क्वचित लागतं, पण लागतं.

रूटला ही चाळणी लागत नाही, जवळजवळ. जवळजवळ अशासाठी की एखादी फाइल प्रोग्राम म्हणून चालवायची असेल तर तिन्हीपैकी कुठेतरी एक तरी एक्स बिट हवाच, नसेल तर रूटलाही परमिशन डिनाइड मिळतं. स्क्रिप्ट सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवली तरी चालत नाही म्हणून डोकं खाजवणारे बरेच जण इथे अडकलेले असतात.

खरा घोळ फोल्डरच्या परमिशनचा आहे, कारण तीच तीन अक्षरं तिथे वेगळं काम करतात. फोल्डर म्हणजे नावांची एक वही समजा, ज्यात नाव आणि त्यापुढे आयनोडचा (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा) नंबर एवढंच लिहिलेलं असतं. परमिशन, मालक, साइझ, तारखा हे सगळं आयनोडमध्ये असतं, वहीत नाही. आर म्हणजे वहीतली नावं वाचता येणं. डब्ल्यू म्हणजे वहीत नवीन नाव लिहिणं, असलेलं खोडणं किंवा बदलणं. आणि एक्स म्हणजे नाव माहीत असेल तर त्यावरून पुढे आत जाता येणं. एक्स नसेल तर बाकी दोन्ही असून जवळपास निरुपयोगी आहेत, आर असून एक्स नसलेल्या फोल्डरवर एलएस -एल मारलंत तर नावं दिसतात आणि बाकी सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात, ते ह्यामुळेच. उलट नुसतं एक्स असेल, आर नसेल, तर यादी दिसणार नाही पण पूर्ण पाथ माहीत असणारा आत जाऊ शकतो. तुमच्या केसमध्ये नेमकं हेच कामाला येणार आहे.

ह्यातून अजून एक गोष्ट निघते जी मी इंटरव्ह्यूला हमखास विचारतो: रूटच्या मालकीची ६०० परमिशनची फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये पडलीय, तुम्ही ती वाचू शकत नाही, पण डिलीट करू शकता का? करू शकता. कारण डिलीट म्हणजे वहीतलं नाव खोडणं, आणि वही तुमची आहे. फाइलची परमिशन तिथे कोणी विचारत नाही. व्हिम एडिटरमध्ये रीड-ओन्ली फाइलवर उद्गारचिन्ह देऊन सेव्ह केलं की कधीकधी होऊन जातं आणि सेड -आय ने एडिट केल्यावर फाइलचा मालकच बदललेला दिसतो, ते ह्याच कारणाने; सेड तर नेहमीच नवीन फाइल बनवून जुन्याच्या जागी त्याच नावाने ठेवतो. मग /टीएमपी मध्ये तर सगळ्यांना लिहिता येतं, तिथे कोणीही कोणाचंही काहीही उडवेल की? म्हणून तिथे १७७७ असतं, पुढचा तो १ म्हणजे स्टिकी बिट, तो लावला की फाइलचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट ह्यांनाच नाव खोडता येतं. पूर्वी ह्या बिटचं काम साफ वेगळं होतं, प्रोग्राम संपला तरी त्याचा कोड स्वॅपमध्ये चिकटून राहावा म्हणून तो लावायचे, नाव तिथून आलं आणि काम बदललं.

आता उपाय. सगळ्यात चांगला म्हणजे साइट होममध्ये ठेवूच नका, /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा /एसआरव्ही खाली हलवा आणि इंजिनएक्सच्या कॉन्फिगमधला रूट पाथ (साइटच्या फायलींची जागा, रूट युजर नव्हे) बदला. होममध्ये तुमच्या एसएसएच की असतात, शेल हिस्टरी असते, कुठल्या तरी फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो, वेब सर्व्हरला त्या बाजूला फिरकायचं कारणच काय. हलवताना लक्षात ठेवा, त्याच डिस्कवर एमव्ही केलं तर मालक आणि परमिशन आहे तशी जाते, सीपी केलं तर नवीन फाइल बनते आणि कॉपी करणाऱ्याच्या नावावर जाते.

होममध्येच ठेवायची असेल काही कारणाने तर सीएचमॉड ओ+एक्स /होम/उबंटू, म्हणजे ७५१ होईल. इतरांना फक्त एक्स, यादी बघता येणार नाही. पण मग त्या मशीनवरचा कुठलाही युजर आत शिरू शकतो आणि आतल्या ज्या फायली ६४४ आहेत त्यांचं नाव अंदाजाने ओळखून वाचू शकतो. ते नको असेल तर एसीएल (ठरावीक युजरला वेगळी परमिशन देणारी जोडयादी) वापरा: सेटएफएसीएल -एम यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:एक्स /होम/उबंटू. म्हणजे त्या एकाच युजरला तेवढीच वाट मिळते. मी होममधल्या साइटसाठी हेच करतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला उबंटू ग्रुपमध्ये टाका असा सल्ला पण बराच फिरतो, चालतं त्याने, पण त्यामुळे तुमच्या होममधलं ग्रुपला वाचता येणारं सगळंच वेब सर्व्हरला उघडं होतं, मला नाही पटत. आणि ग्रुपमध्ये टाकल्यावर लगेच फरक पडत नाही, चालू प्रोसेसची ग्रुपची यादी सुरू होताना घेतलेली असते, सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, आणि तुम्ही स्वतःला कुठल्या ग्रुपमध्ये टाकलंत तर लॉगआउट करून परत यावं लागतं. यूजरमॉडला -एजी असं ए सकट द्या बरं का, ए विसरलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून युजर बाहेर, सुडोमधून पण, आणि मग सुडो नाही म्हणून ते दुरुस्तही करता येत नाही.

झालं की तपासायची पद्धत एकच, वेब सर्व्हरच्या जागी उभं राहून बघायचं: सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा कॅट आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ. स्वतःच्या लॉगिनमधून किंवा रूटमधून "मला तर उघडतेय" म्हणून काही सिद्ध होत नाही.

आता ते ७७७ आधी उलटवा. एका अर्थी नशीब की तुम्ही ते साइट फोल्डरवर मारलंत, होमवर नाही. /होम/उबंटू ला ७७७ झालं असतं तर एसएसएच सर्व्हरने तुमची की घ्यायला नकार दिला असता, कारण होम फोल्डर कोणालाही लिहिता येत असेल तर त्यातल्या ऑथराइज्ड कीजच्या फाइलवर तो विश्वास ठेवत नाही, आणि क्लाउडच्या सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बहुतेक बंदच असतं, म्हणजे सेशन संपलं की स्वतःच्याच सर्व्हरबाहेर. लोकांनी /ईटीसी वर मारलेलं पण पाहिलंय, मग सुडो रुसतो, कारण त्याची कॉन्फिग फाइल कोणालाही लिहिता येतेय म्हटल्यावर तो ती वाचतच नाही. आणि साइटच्या कोडवर ७७७ म्हणजे उद्या एखाद्या प्लगइनमधल्या भोकातून कोणी आत आलं तर तुमच्या इंडेक्स फाइलमध्ये त्याला हवं ते लिहून जाईल, वेब सर्व्हरला स्वतःचा कोड बदलायची गरज काय आहे? वाचता आलं की पुरे.

परत आणताना सरळ -आर ७५५ मारू नका, नाहीतर प्रत्येक फोटो आणि सीएसएस फाइल एक्झिक्यूटेबल होऊन बसते, आणि -आर ६४४ मारलंत तर फोल्डरचा एक्स जातो आणि सगळंच बंद. बरेच जण सांगतात की अक्षरांच्या पद्धतीत मोठा एक्स वापरा, तो फक्त फोल्डरला किंवा आधीच एक्स असलेल्या फाइलला लागतो. बरोबर आहे, पण तुमच्याकडे ७७७ मुळे सगळ्यांनाच एक्स लागलेला आहे, त्यामुळे आत्ता तो उपयोगाचा नाही. फाइंडने दोन वेगळ्या कमांड द्या, टाइप डी साठी ७५५ आणि टाइप एफ साठी ६४४, मग ज्या दोनचार स्क्रिप्ट खरंच चालवायच्या आहेत त्यांना हाताने +एक्स. अपलोडचा फोल्डर असेल तर तेवढाच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीचा करा, आणि त्यात पीएचपी चालणार नाही असं इंजिनएक्समध्ये लिहा.

एकापेक्षा जास्त जण डिप्लॉय करत असाल तर एक ग्रुप बनवा, फोल्डर त्या ग्रुपचा करा आणि सगळ्या फोल्डरना २७७५ द्या. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, फोल्डरवर लावला की आत बनणारी प्रत्येक नवीन फाइल आपोआप त्या फोल्डरच्या ग्रुपची होते, बनवणाऱ्याच्या नाही. पण त्याबरोबर यूमास्क ००२ लागतो, नाहीतर ग्रुप बरोबर आणि ग्रुपला लिहायची परमिशन नाही असं अर्धं काम होतं. यूमास्क म्हणजे नवीन फाइल बनताना कोणते बिट झाकायचे ते. बहुतेक प्रोग्राम फाइलसाठी ६६६ आणि फोल्डरसाठी ७७७ मागतात, ०२२ असेल तर हातात ६४४ आणि ७५५ पडतं. वजाबाकी समजू नका हं, ०३३ यूमास्कने फाइल ६३३ होत नाही, ६४४च होते, कारण जो बिट मागितलाच नव्हता तो झाकून काय फरक पडणार.

पुढे लागणाऱ्या आकड्यांतला ४ राहिला, सेटयूआयडी. तो लावलेला प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नाही तर फाइलच्या मालकाच्या अधिकारात चालतो. पासवर्ड बदलायची पासडब्ल्यूडी कमांड हे त्याचं ठरलेलं उदाहरण, ती बदलते ती पासवर्डची शॅडो फाइल तुम्हाला वाचताही येत नाही, पण कमांड रूटच्या मालकीची आणि सेटयूआयडी असल्यामुळे फक्त तुमच्यापुरती ओळ बदलून देते. डेनिस रिची ह्यांची ही आयडिया, बेल लॅब्जने १९७३ ला पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७९ ला ते मिळालं. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही हा बिट आहे, आणि गंमत म्हणजे ग्रुप नाहीत, तेव्हा मालक आणि बाकीचे एवढेच दोन वर्ग होते. स्वतःच्या स्क्रिप्टवर तो लावायला जाऊ नका, लिनक्स स्क्रिप्टवरचा सेटयूआयडी सरळ दुर्लक्षित करतो आणि ते चांगलंच आहे.

आता समजा नेमआयमध्ये सगळं बरोबर दिसतंय तरी अडतंय. एलएस -एल मध्ये परमिशनच्या शेवटी अधिकचं चिन्ह असेल तर एसीएल आहे, गेटएफएसीएलने बघा. आणि एसीएल असताना मधला आकडा ग्रुपचा नसून मास्कचा असतो, त्यामुळे कोणी नंतर सीएचमॉड जी-डब्ल्यू केलं तर एसीएलने दिलेली लिहायची परमिशन पण गप्प निघून जाते. शेवटी टिंब असेल तर एसईलिनक्सचं (ह्या आकड्यांच्या वर चालणाऱ्या वेगळ्या सुरक्षा यंत्रणेचं) लेबल आहे, रेड हॅट, फेडोरा, रॉकी ह्या मंडळींमध्ये असतं, तिथे होममधून एमव्ही केलेली फाइल होमचंच लेबल घेऊन येते आणि ६४४ असूनही वेब सर्व्हरला मिळत नाही, रिस्टोअरकॉन -आर चालवा, एसईलिनक्स बंद करू नका. रूट असूनही "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं, म्हणजे डिनाइड नाही, परमिटेड नाही, तर तो एरर नंबर १ आहे, वेगळा आहे, एलएसएटीटीआर मारून बघा, कोणीतरी सीएचएटीटीआर +आय लावून फाइल गोठवलेली असेल. स्क्रिप्टला एक्स आहे तरी चालत नाही तर माउंटला नोएक्झेक (त्या डिस्कवरून काहीच चालवू न देणारा पर्याय) आहे का बघा. पेनड्राइव्हवर सीएचमॉडचा काहीच परिणाम होत नसेल तर तो फॅट किंवा एक्सफॅट असतो, त्यात परमिशन साठवायला जागाच नाही, माउंट करतानाच ठरवावं लागतं. आणि डॉकरवाल्यांनो, कर्नलला नावं माहीत नसतात, फक्त नंबर, कंटेनरमधला ३३ नंबरचा युजर बाहेर पण सहसा ३३च असतो, मग आत त्याचं नाव काहीही असू दे.

सुडो एको करून पुढे > ने रूटच्या फाइलमध्ये लिहायला गेलात आणि परमिशन डिनाइड आलं तर तिथे सुडोचा दोष नाही, ती फाइल तुमचा शेल उघडतो, सुडो फक्त एकोला लागलेला असतो. पाइप करून सुडो टी वापरा. अजून एक, परमिशन फाइल उघडताना तपासली जाते, नंतर प्रत्येक वाचनाला नाही. म्हणून चालू प्रोसेसने आधीच उघडलेल्या लॉगला तुम्ही ००० दिलंत तरी तो आरामात लिहीत राहतो, आणि रीस्टार्ट केल्यावर अचानक "कालपर्यंत चालत होतं" सुरू होतं.

आणि हे सगळं करायच्या आधी इंजिनएक्सचा एरर लॉग एकदा उघडा, /व्हार/लॉग/इंजिनएक्स/एरर.लॉग. त्यात कंसात १३ असेल तर वरचं सगळं लागू. पण "डिरेक्टरी इंडेक्स ऑफ" असं काहीतरी "इज फॉरबिडन" लिहिलेलं असेल आणि १३ कुठेच नसेल तर परमिशनचा संबंधच नाही, त्या फोल्डरमध्ये इंडेक्स फाइल सापडली नाहीये एवढाच त्याचा अर्थ, फाइलचं नाव किंवा कॉन्फिगमधली इंडेक्सची ओळ तपासा.